आरशाची चौकट

गुरुवारी रात्री साडेअकराला मी सर्व्हर रीस्टार्ट केला. एरवी पडद्यावर ओळींची धावपळ सुरू होते. त्या रात्री दोनच वाक्यं उमटली. पहिलं वाक्य असं की अमुक अमुक लांबलचक क्रमांकाची डिस्क सापडत नाही. दुसरं, रेस्क्यू मोडमध्ये जात आहे. त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ एवढे शब्द आणि लुकलुकणारा कर्सर. ग्रब म्हणजे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणारा प्रोग्रॅम.

जी डिस्क सापडत नव्हती ती मीच अर्ध्या तासापूर्वी मोडली होती. डिस्क म्हणजे हातात धरता येईल अशी वस्तू नव्हे. दोन खऱ्या डिस्क एकत्र बांधून लिनक्सनं उभी केलेली तिसरी, मानलेली डिस्क. सॉफ्टवेअर रेड. सात वर्षं ती चोख चालली, आणि आता तिची गरज उरली नाही असं ठरवून मी तिची गाठ सोडली. गाठ सोडली की खालचा दोर जसाच्या तसा हातात येईल असं मला वाटत होतं.

या सर्व्हरवर आमच्या छोट्या अभ्यासगटानं जमवलेली ध्वनिमुद्रणं आहेत. म्हाताऱ्या माणसांची बोलणी, गाणी, कामाच्या आठवणी. त्यातली बरीच माणसं आता नाहीत. दर रविवारी सगळ्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर जाते. पण मंगळवारी आणि बुधवारी गटातल्या ताईंनी नवी सोळा मुद्रणं चढवली होती आणि रेकॉर्डरचं कार्ड पुढच्या कामासाठी पुसून टाकलं होतं. म्हणजे त्या सोळा मुद्रणांना जगात एकच जागा होती, आणि ती जागा माझ्यासमोर लुकलुकत होती. पोटात गोळा येणं म्हणजे काय हे मला त्या मिनिटाला नीट कळलं.

आधी काय केलं होतं ते सांगते.

सर्व्हरमध्ये दोन-दोन टेराबाइटच्या दोन डिस्क होत्या, एसडीए आणि एसडीबी. दोन्हींवर तीन-तीन पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे वेगळे आखलेले भाग. पहिल्यांच्या जोडीतून एमडी झीरो ही रेड, ती बूटसाठी, म्हणजे यंत्र सुरू होताना लागणाऱ्या फाइलींसाठी. दुसऱ्यांतून एमडी वन, स्वॅपसाठी, म्हणजे मेमरी अपुरी पडली तर वापरायची जागा. तिसऱ्यांतून एमडी टू, त्यावर रूट, म्हणजे मूळ सिस्टीम, आणि सगळा संग्रह. तिन्ही रेड १, म्हणजे आरसा: एका डिस्कवर लिहिलेलं दुसरीवर तसंच्या तसं उमटायचं. कल्पना जुनी आहे. १९८८ साली बर्कलीच्या विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ज्या शोधनिबंधातून ‘रेड’ (आर-ए-आय-डी) हे नाव रूढ केलं, त्यात ‘आय’ या अक्षराचा अर्थ ‘स्वस्त’ असा होता. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी पुष्कळ साध्या डिस्क एकत्र वापरा, हा त्यांचा मुद्दा. पुढे त्याच अक्षराला लोक ‘स्वतंत्र’ म्हणू लागले. लिनक्समध्ये हे काम एमडी नावाचा ड्रायव्हर करतो आणि त्याला हाताळायचं हत्यार म्हणजे एमडीअ‍ॅडम. ते नील ब्राउन यांनी लिहिलं आणि वर्षानुवर्षं सांभाळलं.

एसडीबी थकली होती. तिचे खराब सेक्टर महिन्यागणिक वाढत होते. सोमवारी मी तिला रेडमधून रीतसर बाहेर काढलं, तिच्यावर पेन्सिलीनं तारीख लिहिली आणि ती खणात ठेवली. सर्व्हर एका डिस्कवर चालू राहिला. रोज सकाळी मात्र त्याची मेल यायची: रेड अपुरी आहे, एक सभासद नाही. नवी डिस्क या यंत्रात बसवायची नव्हती, ती बॅकअपच्या यंत्रात जायची होती. मग एकट्या डिस्कसाठी हे सगळं लटांबर कशाला ठेवायचं, असा विचार मी केला.

इथेच एक गोष्ट नोंदवते, कारण ती मला उशिरा कळली. रेड काढायची गरज नव्हती. एमडीअ‍ॅडमला सांगता येतं की ही रेड आता एकाच सभासदाची आहे. त्यासाठी ‘ग्रो’ची आज्ञा देऊन डिव्हायसेसची संख्या एक करायची आणि ‘फोर्स’ जोडायचं. एका सभासदाचा आरसा ऐकायला विचित्र वाटतो, पण तो पूर्ण निरोगी मानला जातो. तक्रारीच्या मेल थांबल्या असत्या आणि बाकी एकही अक्षर बदलावं लागलं नसतं.

मी तसं केलं नाही. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या लिनक्सवरून, सर्व्हर सुरू केला, तिन्ही रेड थांबवल्या, आणि एसडीएच्या पार्टिशनांवरची रेडची ओळख पुसायच्या आधी खात्री म्हणून पहिलं पार्टिशन थेट माउंट करून, म्हणजे जोडून उघडून, पाहिलं. झालं. कर्नल (लिनक्सचा मुख्य प्रोग्रॅम), ग्रबची फोल्डर, सगळं जागच्या जागी. आरसा म्हणजे नुसती प्रत, ही माझी समजूत पक्की झाली. मग मी तिन्हींवर ‘झीरो सुपरब्लॉक’ ही ओळख पुसायची आज्ञा चालवली. एफएसटॅबमध्ये, म्हणजे काय कुठे जोडायचं त्या यादीत, तर यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनांतल्या मजकुराचे ओळखक्रमांक आहेत, तिथे हात लावायची गरज नाही, असं स्वतःशी म्हटलं आणि रीस्टार्ट केलं. तिघांपैकी एकाची परीक्षा घेऊन मी तिघांचा निकाल लावला होता.

आता त्या कर्सरकडे पुन्हा येते.

यंत्र जागं होतं ते टप्प्याटप्प्यानं, आणि प्रत्येक टप्प्याला फक्त पुढच्याला हाक मारण्याइतपतच अक्कल असते. जुन्या पद्धतीचं बायोस (यंत्रातच असलेला, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) डिस्कचे पहिले ५१२ बाइट वाचतं. त्यातले ४४६ बाइट आज्ञांचे, ६४ चार पार्टिशनांच्या तक्त्याचे आणि शेवटचे दोन नुसती खूण. ४४६ बाइटांत फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, समजण्याइतकं काही मावत नाही. तो तुकडा एवढंच करतो: तक्ता आणि पहिलं पार्टिशन यांच्यामधल्या मोकळ्या पट्टीत बसलेला ग्रबचा गाभा उचलतो. गाभ्याला फाइलसिस्टीम वाचता येते, पण उरलेलं ग्रब कुठे आहे हे त्याला कुणीतरी सांगून ठेवावं लागतं. ते सांगणं ग्रब बसवताना एकदाच होतं आणि गाभ्यातच कोरलं जातं. माझ्या गाभ्यात सात वर्षांपूर्वी कोरलं होतं: उरलेलं ग्रब अमुक क्रमांकाच्या रेडमध्ये आहे. ती रेड आता नव्हती. फाइली दोन हातांवर, पहिल्याच पार्टिशनमध्ये होत्या, आणि गाभा मात्र प्रामाणिकपणे जुन्या पत्त्यावर जाऊन रिकाम्या हातानं परत येत होता.

रेस्क्यू मोडमध्ये चारच आज्ञा असतात: यादी दाखव, मूल्य ठेव, मूल्य काढ आणि मॉड्यूल चढव. चारांत काम भागतं. यादी मागितली तर पहिली डिस्क आणि तिची तीन पार्टिशनं दिसली. पहिल्यात डोकावले तर ग्रबची फोल्डर दिसली. प्रीफिक्सचं, म्हणजे ग्रबच्या पत्त्याचं, मूल्य बदलून तिथे नेलं, रूटचं बदललं, ‘नॉर्मल’ हे मॉड्यूल चढवलं आणि ‘नॉर्मल’ म्हटलं. ओळखीचा मेनू समोर आला. मी खुर्चीत मागे टेकले. पाच मिनिटांत सुटलं, असं वाटलं.

कर्नल चढला. इनिट-रॅम-एफएस, म्हणजे रूट सापडेपर्यंत मेमरीत चालणारी छोटी सिस्टीम, उघडलं. मग बराच वेळ काही नाही, आणि मग सूचना: रूट फाइलसिस्टीमची वाट पाहणं सोडून दिलं आहे, या यूयूआयडीचं काही अस्तित्वात नाही, शेलमध्ये सोडत आहे.

यूयूआयडी बदलला नव्हता, बदलायचं कारण नव्हतं. मी तिथल्या तोकड्या शेलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या जागेत) ब्लकआयडी चालवलं, ते पार्टिशनांतल्या फाइलसिस्टीम ओळखून दाखवतं. पहिलं पार्टिशन दिसलं: ईएक्सटी ४ ही लिनक्सची फाइलसिस्टीम, त्याचा यूयूआयडी, सगळं. तिसऱ्याबद्दल एक ओळही नाही. लाइव्ह यूएसबीवर परतून एसडीए ३, म्हणजे हेच तिसरं पार्टिशन, माउंट करायचा प्रयत्न केला. उत्तर आलं: चुकीची फाइलसिस्टीम, किंवा बिघडलेला सुपरब्लॉक. हा सुपरब्लॉक रेडचा नव्हे, फाइलसिस्टीमच्या स्वतःच्या मांडणीची नोंद. म्हणजे लिनक्सच्या दृष्टीनं त्या पार्टिशनमध्ये काहीच नव्हतं.

तेवढ्यात ताईंचा फोन आला. त्या रात्री उशिरापर्यंत जाग्या असतात. “झालं का गं?” मी म्हटलं, “नाही ताई, वेळ लागेल.” त्यांनी आणखी काही विचारलं नाही. “हळू कर,” एवढं म्हणून फोन ठेवला.

ते दोन शब्द मला नको त्या गोष्टीपासून थांबवून गेले, कारण माझी बोटं तोवर एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टीम दुरुस्त करायची आज्ञा, टाइप करून बसली होती. ईएक्सटी ४ चं एफएससीके अशा वेळी सुचवतं की मुख्य सुपरब्लॉक सापडत नसेल तर राखीव प्रत वापरून पाहा, ३२७६८ व्या ब्लॉकवर. वाचून वाटतं की पुढे हेच करायचं. पण एफएससीके दुरुस्त करतं म्हणजे लिहितं. आणि ज्या डिस्कवर काय कुठे आहे हेच मला कळत नव्हतं, तिच्यावर लिहिणं म्हणजे अंधारात कुऱ्हाड चालवणं. मी ओळ खोडली. कागद घेतला आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं: आज फक्त वाचायचं.

झीरो सुपरब्लॉक नेमकं काय पुसतं? फक्त रेडची ओळखचिठ्ठी. या पार्टिशनचा मालक अमुक रेड, तो तिचा कितवा सभासद, शेवटचा बदल कधी, इतकंच तिच्यात असतं. माझी मुद्रणं तिच्यात नव्हती. म्हणजे ती पुसून मुद्रणं गेली नसणार. मग फाइलसिस्टीम का दिसत नाही? आणि पहिल्या पार्टिशनमध्ये दिसते तर तिसऱ्यात का नाही?

उत्तर चिठ्ठी कुठे चिकटवलेली असते यात होतं. एमडीच्या चिठ्ठीचे वेगवेगळे नमुने आहेत. जुना ०.९० आणि नंतरचा १.० पार्टिशनच्या शेवटी बसतात. १.१ अगदी सुरुवातीला. आणि १.२ सुरुवातीपासून चार किलोबाइटांवर. शेवटी बसणाऱ्या चिठ्ठीत फाइलसिस्टीम पार्टिशनच्या पहिल्या बाइटपासून सुरू होते, म्हणून रेड नसली तरी ती थेट वाचता येते. एके काळी बूटलोडरना रेड कळत नसे, म्हणून बूटचं पार्टिशन याच नमुन्यात करायची पद्धत होती, आणि सात वर्षांपूर्वी मी त्याच पद्धतीनं एमडी झीरो १.० मध्ये केलं होतं. बाकी दोन करताना नमुना सांगितला नव्हता. न सांगितलं तर मिळतो १.२.

१.२ मध्ये चिठ्ठी आधी, मग मोकळी राखीव जागा, आणि मग खरा मजकूर. या अंतराला डेटा ऑफसेट म्हणतात. आरशाला चौकट असते. एवढी वर्षं एमडी ती चौकट स्वतःशी ठेवून मला फक्त काच दाखवत होतं. मी एमडीला बाजूला केलं आणि चौकटीच्या लाकडावर नजर रोखून विचारत बसले की प्रतिबिंब कुठे गेलं.

मग प्रश्न एकच उरला: चौकट किती रुंद? ते ज्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं ती मी पुसली होती.

आणि तेव्हा खणातली डिस्क आठवली.

एसडीबीला मी सोमवारी रेडमधून काढलं होतं, पण तिची चिठ्ठी पुसली नव्हती. तिच्यावरचा संग्रह सोमवारचा होता, सोळा मुद्रणं तिच्यावर नव्हती. पण ती एसडीएबरोबर एकाच दिवशी, एकाच आज्ञेनं जन्मलेली. ती डिस्क मी मुद्दाम दुसऱ्या यंत्राला जोडली. सर्व्हरला जोडली असती तर लिनक्सनं तिची ओळख पाहून तिची अर्धी रेड आपणहून उभी केली असती, बहुधा एमडी १२७ या नावानं, आणि तिच्यात त्याच यूयूआयडीची सोमवारची फाइलसिस्टीम असती. मग सर्व्हरनं कुठली उचलली असती, आजची की सोमवारची, हे सांगता आलं नसतं. दोन जुळ्या डिस्क वेगळ्या केल्या तरी त्यांचं ओळखपत्र एकच राहतं. रेड मोडताना हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं: यंत्र निमूटपणे जुन्या डिस्कवरून सुरू होतं, दोन दिवस तिच्यावर काम होतं, आणि मग कुणीतरी विचारतं की परवाच्या फाइली कुठे गेल्या.

दुसऱ्या यंत्रावर मी रेड उभी राहू दिली नाही, नुसतं एमडीअ‍ॅडमचं ‘एक्झॅमिन’ चालवलं. ते फक्त वाचतं. ओळी आल्या. मॅजिक: ए९२बी४ईएफसी. व्हर्जन: १.२. रेड लेव्हल: १. आणि मधेच, इतर ओळींसारखीच साधी एक ओळ. डेटा ऑफसेट: २६२१४४ सेक्टर.

एक सेक्टर ५१२ बाइटांचा. गुणाकार केला: १३,४२,१७,७२८ बाइट. १२८ मेगाबाइट, नेमके.

पण एका जुळ्याचं सांगणं दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही. १.२ मध्ये प्रत्येक सभासदाचा ऑफसेट वेगळा असू शकतो, विशेषतः एखादा नंतर जोडलेला असेल तर. एकाचा निकाल दुसऱ्याला लावायची चूक त्याच रात्री एकदा करून झाली होती. म्हणून एसडीएलाच विचारायचं ठरवलं. ईएक्सटी ४ चा सुपरब्लॉक फाइलसिस्टीमच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर असतो, आणि त्याच्या आत ५६ बाइटांवर दोन बाइटांची खूण असते, ५३ ईएफ. म्हणजे माझा हिशोब खरा असेल तर एसडीए ३ च्या १३,४२,१८,८०८ व्या बाइटवर हे दोन बाइट असायला हवेत. डीडी या आज्ञेला सांगितलं, तिथून दोनच बाइट वाच.

५३ ईएफ.

जीव भांड्यात पडणं याहून वेगळं काय असेल! दोन हजार अब्ज बाइटांच्या डिस्कवर त्या दोन बाइटांनी मला सांगितलं की मी इथेच आहे, हललेली नाही.

नंतर, मन शांत झाल्यावर, कागदावर आणखी एक गोष्ट दिसली. ईएक्सटी ४ डिस्कचे गट पाडतं आणि चार किलोबाइटांचे ब्लॉक असतील तर एका गटात ३२७६८ ब्लॉक असतात. म्हणजे एक गट १२८ मेगाबाइटांचा. माझी चौकट बरोबर एका गटाच्या रुंदीची होती! एफएससीकेनं ज्या ३२७६८ व्या ब्लॉकवर राखीव प्रत शोधली असती, तिथेच खरी फाइलसिस्टीम सुरू होत होती. फक्त राखीव प्रत ब्लॉकच्या आरंभाला असते आणि मुख्य सुपरब्लॉक आरंभापासून १०२४ बाइट पुढे, एवढाच फरक. राखीव प्रती एरवी क्रमांक १ च्या गटात आणि ३, ५, ७ यांच्या घातांच्या गटांत असतात, म्हणजे सगळे विषम क्रमांक. माझ्या डिस्कवर सगळं एका गटानं पुढे सरकलेलं, म्हणून त्या विषम जागांवर आता सम क्रमांकाचे गट होते, आणि ज्यात मुख्य सुपरब्लॉक असतो तो शून्य क्रमांकाचा गट वगळता सम गटांत सुपरब्लॉकच्या प्रती नसतात. त्या रात्री मी नेहमीच्या जागा एकामागून एक तपासल्या असत्या तर प्रत्येक ठिकाणी ‘नाही’ असंच उत्तर मिळालं असतं, आणि फाइलसिस्टीम समूळ गेली असं मी खरंच मानलं असतं. त्यानंतर माणूस काय काय करतो ते मी पाहिलेलं आहे. नवी फाइलसिस्टीम घालून मोकळा होतो.

पुढचं काम सावकाश केलं. लूप डिव्हाइसला, म्हणजे डिस्कचा एखादा भाग वेगळी डिस्क म्हणून दाखवणाऱ्या सोयीला, सांगितलं की एसडीए ३ दाखव, पण १३,४२,१७,७२८ बाइट सोडून, आणि फक्त वाचण्यापुरतं. ते माउंट केलं. झालं. संग्रहाची फोल्डर उघडली. मंगळवारची नऊ, बुधवारची सात. सगळ्यात आधी ती सोळा एका बाहेरच्या डिस्कवर उतरवली, मग बाकीचा आठवडा. उतरलेल्यातली एक फाइल लावून पाहिली. आधी थोडी खरखर, भांडं ठेवल्याचा आवाज, आणि मग एका आजींचा आवाज, रेकॉर्डरच्या फार जवळून: “ऐकू येतंय ना?” मी ती फाइल शेवटपर्यंत ऐकली. अकरा मिनिटं. दुरुस्ती थांबवून. त्या रात्री तिथवर आल्यानंतर मला दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

प्रत बाहेर सुरक्षित असल्यावरच लिहायला हात घातला. दोन मार्ग होते. एक, जुन्याच मोजमापांनी रेड पुन्हा तयार करायची आणि एमडीला सांगायचं की सगळं स्वच्छ आहे असं धर, काही लिहू नको. हा मार्ग खरा आहे, पण नमुना, ऑफसेट, क्रम यांतलं एक जरी चुकलं तरी जखम मोठी होते. दुसरा मार्ग मला अधिक आवडला, कारण त्यात मजकुराला हातच लागत नाही: घर हलवायचं नाही, कुंपण हलवायचं. फाइलसिस्टीम पार्टिशनच्या सुरुवातीपासून २६२१४४ सेक्टर पुढे आहे ना, मग पार्टिशनची सुरुवातच तेवढी पुढे नेऊ. आधी तक्त्याची एसएफडिस्क या आज्ञेनं प्रत घेतली. तिसरं पार्टिशन १,८८,७६,४१६ व्या सेक्टरला सुरू होत होतं. ते १,९१,३८,५६० केलं. लांबी तेवढीच कमी केली, म्हणजे शेवट जिथल्या तिथे राहिला. प्रकार ‘लिनक्स रेड’ होता तो साधा ‘लिनक्स’ केला. फाइलसिस्टीमचे ब्लॉक मोजून पाहिले, ते नव्या हद्दीत मावत होते. चौसष्ट बाइटांच्या त्या तक्त्यात दोन-तीन आकडे बदलले, एवढंच. ब्लकआयडी चालवलं. तिसरं पार्टिशन, ईएक्सटी ४, तोच जुना यूयूआयडी.

आता उरली होती ती सगळी ठिकाणं जिथे रेडचं नाव लिहिलेलं होतं. रूट माउंट केलं, त्यात बूट माउंट केलं, डेव्ह, प्रॉक आणि सिस या कर्नलच्या फोल्डर आत जोडल्या आणि सीएचरूट करून त्या झोपलेल्या सर्व्हरच्या आत शिरले. एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिगरेशनमध्ये तिन्ही रेडच्या ओळी. काढल्या. एफएसटॅबमध्ये रूट आणि बूट यूयूआयडीनं लिहिलेले होते, पण स्वॅप सरळ एमडी वन या नावानं. स्वॅपचीही सुरुवात चौकटीमागे होती, पण तिच्यात जपण्यासारखं काही नसतं. नवी स्वॅप बनवली आणि तिचा नवा यूयूआयडी लिहिला. ही ओळ राहिली असती तर सिस्टमडी, म्हणजे सर्व्हरच्या सेवा सुरू करणारं सॉफ्टवेअर, आता नसलेल्या एमडी वनची ९० सेकंद वाट पाहत बसलं असतं. मग इनिट-रॅम-एफएस नव्यानं बांधलं, सगळ्या कर्नलांसाठी, कारण त्याच्या पोटात एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिगरेशनची स्वतःची प्रत असते आणि बाहेरची फाइल सुधारली म्हणून आतली सुधारत नाही. शेवटी ग्रब पुन्हा बसवलं. गाभ्यात आता नवा पत्ता कोरला गेला, पहिल्या पार्टिशनचा.

हे करताना एक गोष्ट मला सारखी जाणवत होती. रेड उभी केली तेव्हा ती एका आज्ञेचं काम होती. पण त्या दिवसापासून ज्यानं ज्यानं तिच्याशी व्यवहार केला त्यानं तिचं नाव आपल्या वहीत उतरवून घेतलं: गाभ्यानं आपल्या पट्टीत, इनिट-रॅम-एफएसनं आपल्या पोटात, एफएसटॅबनं आपल्या ओळीत. कुणी कुणाला विचारलं नाही आणि कुणाची एक सामायिक वहीही नव्हती. मी रेडला काढलं तेव्हा फक्त रेडला कळवलं. बाकीच्यांना कळवायचं राहिलं, आणि प्रत्येकजण आपापल्या पाळीला तिला शोधत उंबऱ्यावर थांबला. कुणाचंही चुकलेलं नव्हतं.

पहाटे सव्वाचारला रीस्टार्ट केलं. मेनू आपोआप आला. कर्नल चढला, मग काही सेकंद काहीच हललं नाही आणि माझा श्वास अडकला. मग एक ओळ आली, की झोपेतून उठण्यासाठी लागणाऱ्या डिव्हाइसची वाट पाहणं सोडलं, आणि गाडी पुढे निघाली. इनिट-रॅम-एफएसच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘रिझ्यूम’ नावाची एक छोटी फाइल असते, जुन्या स्वॅपचा यूयूआयडी तिच्यात राहून गेला होता. आणखी एक वही. ती सकाळी सुधारली.

लॉगइनची ओळ आली तेव्हा उजाडायला वेळ होता. मी ताईंना मेसेज टाकला, सोळाच्या सोळा आहेत. त्यांचं उत्तर लगेच आलं. म्हणजे त्याही झोपल्या नव्हत्या.

एसडीबी आठवडाभर खणात तशीच ठेवली. नव्या बॅकअपमधून चार मुद्रणं परत काढून ऐकली, ती नीट निघाली, आणि मगच तिला दुसऱ्या यंत्रावर पूर्ण पुसलं. पुसण्याआधी एक्झॅमिनच्या त्या सगळ्या ओळी कागदावर छापून सर्व्हरच्या वहीत चिकटवल्या. आता माझ्याकडच्या प्रत्येक रेडच्या अशा ओळी तिथे आहेत, शेजारी पार्टिशनांच्या तक्त्याची प्रत. डिस्कवरची चिठ्ठी डिस्कबरोबर जाऊ शकते, म्हणून ती कागदावरही.

एमडीअ‍ॅडमचं पॅकेज मी सर्व्हरवरून अजून काढलेलं नाही. त्याच्याबरोबर आलेली क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची, एक नोंद तिथे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२ वाजून ५७ मिनिटांनी ती सगळ्या रेडची तपासणी सुरू करते, दोन्ही डिस्कांवरचा मजकूर अजून सारखा आहे ना हे पाहते. सात वर्षं ती तपासणी सकाळपर्यंत चालायची. परवाच्या सोमवारी मी लॉग उघडला. रविवारची ओळ तिथे होती, १२:५७. तिच्याखाली काहीच नव्हतं.